मामा आंध्रात, घास ताटात

आमच्या भासऱ्यांइतका बोलका माणूस अख्ख्या नागभीड तालुक्यात झाला नाही आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. ते वाटेनं जाणाऱ्याशी बोलत, येणाऱ्याशी बोलत, कोणी येत-जात नसेल तर तलावातल्या मासोळ्यांशी बोलत, आणि मासोळ्याही जाळ्यात येईपर्यंत त्यांचं ऐकून घेत असाव्यात. फक्त माझ्याशी ते बोलत नसत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि मी त्यांची भावसून. आमच्याकडे या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांना शिवायचं नाही, भावसुनेनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. हा रिवाज काही आमच्याच घरचा नव्हता, गावात घरोघरी होता, आणि बाकीच्या घरचे भासरे तो गुमान पाळत. पण गुमान राहणं आमच्या भासऱ्यांना कुठलं जमायला! बोलायचं तर नाही आणि सांगायचं तर सगळंच आहे, अशी त्यांची पंचाईत. त्यावर त्यांनी तोड काढली होती. ओसरीत सागाचा एक खांब होता, त्याला ते सांगत. "खांबा, त्या बाईले सांगजो, आज वरणात मीठ जास्त झालं." मी आतून बांगड्या वाजवी, म्हणजे निरोप पोचला. खांबाजवळ कोणी बसलेलं असलं तर निरोप म्हशीला, म्हैस चरायला गेलेली असली तर मांजरीला. गावात इमारत नव्हती म्हणून मी सेविका असलेली अंगणवाडी आमच्याच ओसरीत भरे. एकदा मी पोरांची खिचडी शिजवत होते, तर भासरे दारात येऊन उभे राहिले आणि खिचडीच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, अगदी शांतपणे म्हणाले, "गंजा, तुया वरतं आढ्याले साप लटकून हाय. पटत असन तं भाईर निंघ." गंज काही निघाला नाही. मी मात्र पोरांना काखोटीला मारून अंगणात! साप हाकलून झाल्यावर ते पुन्हा गंजाकडेच वळले आणि म्हणाले, "पाह्य, ते बाई आयकते. तूच नाई आयकत."

आमच्या घरचा धंदा तलावाचा. मासोळीचं बीज सोडायचं, वाढवायचं, काढायचं आणि नागभीडच्या बाजारात न्यायचं, जोडीला थोडी धानाची बांधी. घरात सासूबाई, भासरे, माझे मालक आणि मी. मालक रेल्वेच्या लाइनीवर गँगमन, त्यामुळे ते घरात कमी आणि रुळावर जास्त. भासऱ्यांचं लग्न झालं नव्हतं. "जाळं विणता विणता राहून गेलं," असं ते सांगत, जसं काही लग्न म्हणजे बाजारातून आणायची हळद होती. पोरं मात्र त्यांना गावभरची पुरत. रस्त्यात पोर दिसलं की दोन्ही काखांत हात घालून उचलायचं, वर धरून हलवून पाहायचं आणि मासोळीच्या भाषेत निकाल द्यायचा, ही त्यांची सवय. हाडकुळं असलं तर "झिंगा". बऱ्यापैकी असलं तर "रोहू". आणि चांगलं दणकट, हातातून निसटू पाहणारं असलं की यांचा चेहरा फुले, "मरळ हाय मरळ! धरून ठेवा!" झिंगा ठरलेल्या पोराच्या आईची धडगत नसे. गावातल्या निम्म्या बाया नात्यानं त्यांच्या भावसुनाच लागत, म्हणून हे तिच्या दाराशी उभे राहून कुंपणाला विचारत, "कुपाटी, या पोट्ट्यानं सकाळपासून काय खाल्लं?" कुंपण गप्प. आतून बाई म्हणे, "खाल्ली ना पेज!" हे कुंपणावर डाफरत, "पेज पिऊन मरळ होते काय वं?" दुसऱ्या दिवशी त्या कुंपणावर कोणी न मागता वाळलेल्या झिंग्यांचं पुडकं खोचलेलं असे.

सरकारी काटा आला तेव्हा तर त्यांना तो अपमानच वाटला. काटा आढ्याला टांगायचा, खाली झोळी, झोळीत पोर. यांनी काट्याशी पैजच लावली. आधी हे उचलून अंदाज सांगणार, मग काटा सांगणार. आणि काय सांगू तुम्हाला, हे दर वेळी चुकत! त्यांच्या हाताला प्रत्येक पोर खऱ्यापेक्षा वजनदार लागे. "काटा उपाशी हाय," त्यांनी खांबाला सांगितलं, "त्याले तेल पाजा." पाजलं. काटा तेच बोलला. झोळी दमट आहे, वारा सुटलाय, पोरानं श्वास कोंडून धरलाय, सगळी कारणं झाली. शेवटी म्हणाले, "खांबा, काट्याचंबी खरं हाय आन् मायंबी. काटा आजचं वजन सांगते, मी दिवाळीचं सांगून राह्यलो." त्यानंतर जे पोर काट्यात कमी भरे त्याच्या मागे हे दिवाळीपर्यंत असे लागत की त्या पोराला मरळ होण्यावाचून गत्यंतर नसे.

सरपंचांच्या घरी टीव्ही आला आणि रविवारी सकाळी गावातली झाडून सारी पोरं तिथं मांडी घालून बसू लागली, हेही त्यांना खपेना. "पोट्टे नाईत, मडके मांडले हायेत वळीनं," असं म्हणून ते चरफडत. मग असं व्हायला लागलं की दर रविवारी नेमकं रंगात आलं की टीव्हीवर मुंग्या येत. पोरं थोडा वेळ वाट पाहत, कंटाळत आणि तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, धूम ठोकत. पुष्कळ रविवार असेच गेले. एकदा सरपंच मागच्या अंगणात गेले तर आमचे भासरे कौलांवर चढून अँटेना दोन्ही हातांनी फिरवत होते. "काय करून राह्यले गा भाऊ?" सरपंचांनी विचारलं. "कावळा बसला होता, हाकलून राह्यलो," असं सांगून ते उतरले आणि उतरताना दोन कौलं फोडली. सरपंच मोठ्या मनाचे, त्यांनी कौलांचं काही काढलं नाही. उलट अँटेनाला काटेरी फांद्या बांधल्या. पुढच्या रविवारी भासऱ्यांचे हात ओरखडलेले होते आणि टीव्हीवर मुंग्या होत्याच.

पाळीवर पळायला आलेल्या पोरांसाठी त्यांनी नियम केला होता, मारोतीच्या देवळापर्यंत धावत जाऊन परत येईल त्यालाच तळलेली मासोळी. ही मासोळी म्हणजे जाळ्यात येणारा बारीक माल, जो एरवी सगळे वाळवून विकत. तो ते पोरांसाठी बाजूला काढत. आधी तो थेट अंगणवाडीच्या खिचडीतच टाकायचे. मी पाठ फिरवली की मूठभर मासोळी गंजात! गावात माळकरी घरं होती, त्यांच्या पोरांनी मासोळी खाल्ली असती तर माझी नोकरी गेली असती. आणि नेमक्या अशाच एका दिवशी सुपरवायझर बाई आल्या, झाकण उघडलं, तर खिचडीतून एक डोकं त्यांच्याकडे पाहतंय. "हे काय आहे?" बाईंनी विचारलं. बाई काही नात्यातल्या नव्हत्या, त्यामुळे भासऱ्यांना सरळ बोलायची मुभा होती आणि तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. "भाजी हाय मॅडम. पाण्यातली."

"भाजीला डोळे असतात?"

"काऊन, बटाट्याले नाई रायत?"

मी पदराआड तोंड लपवलं. हसू होतं की रडू, मलाच कळेना. सुपरवायझर बाई मात्र खो खो हसल्या, म्हणाल्या, "भाऊ, मासोळी घाला, पण खिचडीत नको, संध्याकाळी घाला आणि ज्याच्या घरी चालते त्यालाच." तेव्हापासून संध्याकाळी पाळीवर तीन दगडांची चूल आणि कढई. माळकऱ्यांच्या पोरांसाठी भाजलेले फल्लीचे दाणे आणि गूळ. पोरं धापा टाकत येत आणि ओळीत उभी राहत, आणि हे कढईपाशी उकिडवे बसून प्रत्येकाचं नाक आधी पुसायला लावत.

हे सगळं खरं, पण एका गोष्टीपुढं त्यांनीही हात टेकले होते आणि मीही. ती गोष्ट म्हणजे मामा. बाळ सहा महिन्यांचं झालं की नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, मऊ वरण-भात सुरू करा, हे मी घरोघर सांगत फिरे. बाया मान डोलावत आणि म्हणत, "करतो ना बाई, मामा आला का करतो." कारण पहिला घास मामाच्या हातचा. मामानं येऊन पाटावर बसून बाळाचं उष्टावण केल्याशिवाय तोंडाला शीत लागू द्यायचं नाही. लागलं तर मामाचा मान जातो आणि लेकराला बाधतं. बरं, मामा जवळपास असता तर काही बिघडलं नसतं. पण धान चुरून झालं, मळणी उरकली की आमच्या भागातली तरणी माणसं मुकादमाबरोबर आंध्रात मिरची तोडायला जात, ती पाडव्याला परतत. म्हणजे ऐन थंडीत खायच्या वयाला आलेलं बाळ चैत्र लागेपर्यंत मामाची वाट पाहत दुधावर. हिवाळ्यात गुबगुबीत दिसणारी लेकरं होळीला उन्हात टाकलेल्या भाजीसारखी मलूल होत, आणि मग मामा नवं झबलं घेऊन येई ते ढगळ होई. भासरे यावर खवळत. "खांबा, मिरची तोडाले सारे मामेच काऊन जाते? एखादा काका नाई जात?" आता त्यांना कोणी सांगावं की तीच माणसं इकडे काका आणि तिकडे मामा!

आणि मग पाळी आली माझ्याच लेकीवर. ती श्रावणातली. माघात तिला सहा महिने पूर्ण झाले. माझा एकुलता भाऊ आंध्रात. गावाला शहाणपण शिकवणारी मी, आणि माझ्या घरात मुलीला चमचाभर वरण देता येईना. सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्यांची एक लेक तान्ही गेली होती, आणि मामाच्या आधी कोणीतरी तिला भात चाटवला म्हणून ती गेली, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. त्या बाईला किती समजावणार? माझ्या लेकीला त्या दिवसभर मांडीवरून उतरू देत नसत, माझ्या हातून काही तोंडात जाईल या धाकानं. माझं दूध आटत चाललं होतं. पोरीचं रडणंसुद्धा बारीक झालं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "माय म्हणते तं थांब ना थोडं," आणि डब्बा घेऊन लाइनीवर गेले. मला इतका संताप येई की परसात जाऊन मी कुऱ्हाडीनं लाकडं फोडत बसे, नको असली तरी.

भासरे रोज सकाळी तलावावर जायच्या आधी पुतणीला उचलून पाहत. तिला ते आजवर नेहमी 'रोहू' म्हणत आले होते. एका सकाळी त्यांनी तिला उचललं, नेहमीसारखं हलवलं नाही, तसंच धरून ठेवलं, आणि काहीच न बोलता सासूबाईंच्या मांडीवर परत ठेवलं. झिंगाही म्हणाले नाहीत. मी चुलीपाशी होते. जो माणूस खांबाशी गप्पा मारतो तो गप्प बसला म्हणजे काय ते मला कळलं.

त्या दिवशी ते तलावावर गेलेच नाहीत. सकाळपासून सासूबाईंच्या मागे. "माय, दुसरा मामा चालते काय?"

"चालते ना. सख्खाच पायजे असं नाई. मानलेला चालते. पण पोरीच्या मायचा भाऊ पायजे, म्हणजे मामा झाला."

एवढं ऐकलं आणि हे निघाले मामा शोधायला. गावात मिळणं शक्य नव्हतं, गावातले सगळे पुरुष माझे दीर, भासरे, नाहीतर सासरे. म्हणून थेट डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि माझ्या माहेराकडून, सावली गावाकडून येणारी एसटी हात करून थांबवली. कंडक्टर म्हणाला, "चढा लवकर."

"चढत नाई. तुमी सावलीचे काय?"

"हो. का?"

"मंग आमच्या सुनेचे भाऊच झाले तुमी. उतरा. एक घास द्याचा हाय."

कंडक्टरला वाटलं हे कुठल्यातरी पंगतीचं आवतण आहे. "ड्यूटीवर हाओ न भाऊ, येताना थांबतो," म्हणाला. हे बसच्या दारात पाय ठेवून त्याला उष्टावणाचा सगळा विधी समजावून सांगू लागले. बसमधली माणसं खवळली. एक म्हातारी मात्र आतून ओरडली, "जा ना रे, लेकराचं काम हाय!" शेवटी ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, तेव्हा यांनी पाय काढला. येतानाची बस दुसऱ्याच कंडक्टरची निघाली आणि तो वरोऱ्याचा होता. संध्याकाळी आंध्रातून परतलेल्या एका ट्रकवाल्याकडून निरोप आला, मुकादम पाडव्याआधी कोणाला सोडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता एवढं थांबलं, तं पाडव्यापावतर थांबू." मी आत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

दुसऱ्या सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. सासूबाई ओसरीत लेकीला घेऊन बसलेल्या. भासरे बाहेरून आले, नेहमीसारखे खाकरले, मी पदर पुढं ओढला. ते खांबाकडे गेले नाहीत. थेट माझ्यासमोर, सुपाच्या पलीकडे उकिडवे बसले. मी अंग चोरलं. कमरेच्या कनवटीतून त्यांनी जाळं शिवायचा दोरा काढला, दातानं एक तुकडा तोडला, माझ्या सुपात ठेवला आणि जमिनीकडे पाहत उजवा हात पुढं केला.

"बाई," ते म्हणाले, "बांधून दे."

ते माझ्याशी बोलले! सासूबाई ओरडल्याच, "अगा बावा, काय करून राह्यला? तुयी भावसून हाय ते!"

"होती," भासरे म्हणाले. "आता बहीण हाय. बांध वं बाई, लेकरू उपाशी हाय."

सासूबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, सगळं डोक्यातून एकदम आलं आणि निघून गेलं. मी दोरा घेतला आणि त्यांच्या मनगटाला गुंडाळला. कशीतरी गाठ मारली. त्यांनी ती पाहिली आणि एवढ्या प्रसंगातही त्यांच्यानं राहवलं नाही. "हे गाठ नाई चालत. भिजली का सुटते. अशी फिरवून घे, जाळ्याची गाठ मार." मी रडत रडत जाळ्याची गाठ शिकले. मग ते उठले, आईकडे वळले आणि म्हणाले, "माय, मी या बाईचा भाऊ. पाट मांड. मामा आला."

सासूबाई कितीतरी वेळ त्यांच्या मनगटाकडे पाहत राहिल्या. त्यांच्याच तोंडचा शब्द, मानलेला चालतो म्हणून. मांडीवरच्या नातीकडे त्यांनी पाहिलं. ओठ हलत होते, देवाला काय सांगत होत्या कोण जाणे. मग त्या उठल्या आणि पाट आणून ठेवला. हळदीकुंकू आणलं. खीर भासऱ्यांनी पहाटेच शेजारच्या घरून शेळीचं दूध आणून पाळीवरच्या चुलीवर केली होती, तांदूळ अगदी मेणासारखे शिजवून. त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं, बोटावर थोडीशी खीर घेऊन तिच्या ओठाला लावली. तिनं तोंड वाकडं केलं आणि 'फुर्र' करून सगळी खीर मामांच्या मिशीवर उडवली. सासूबाई पाटाशी सरकल्या. भासऱ्यांनी मिशी तशीच ठेवून दुसरं बोट पुढं केलं. या वेळी तिनं चाटलं. मग थांबली. मग असं तोंड उघडलं, असं उघडलं, की मला वाटलं वाटीच गिळते! "मरळ हाय!" भासरे ओरडले. "माय, मरळ हाय हे!" सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या आणि म्हणत होत्या, "हळू हळू दे, मेल्या, हळू दे."

खरा गोंधळ संध्याकाळी झाला. मालक ड्यूटीवरून आले, तर भासरे दारात पाण्याचा लोटा घेऊन उभे. "या पाव्हणे, पाय धुवा." मालकांना वाटलं भावाला ऊन लागलं. सासूबाईंनी सगळं सांगितल्यावर ते मटकन खाली बसले. "म्हणजे मी आता भाऊचा मेहुणा काय?" "झाला तं झाला," भासरे म्हणाले, "दिवाळीले धोतर घेऊन देईन." सासूबाईंची वेगळीच काळजी, की मग मी त्यांची सून की लेक? त्यावर भासऱ्यांनी निवाडा दिला, "जे काम सांगाचं असन ते सुनेले सांग. खाऊ घालाचं असन तं लेकीले घाल." हा निवाडा सासूबाईंनी पुढं कधी मनावर घेतला नाही, पण ऐकताना बरं वाटलं.

गावात बातमी जायला वेळ लागतो का! काहींनी नाकं मुरडली. पण दोन दिवसांनी पलीकडच्या आळीतली एक सून डोक्यावर पदर, कडेवर मूल आणि हातात सुताचा धागा घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. तिचाही भाऊ आंध्रात. तिच्या मागून दुसरी आली. त्या फाल्गुनात आमच्या ओसरीतला पाट उचललाच गेला नाही. भासऱ्यांच्या मनगटावरचे धागे कोपराकडे चढत गेले, आणि गावातल्या निम्म्या पुरुषांचे ते एका होळीत मेहुणे झाले. मामानं भाच्याला आहेर द्यायचा असतो, तो यांनी कुठून आणावा? त्यांनी मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, फांद्या तोडल्या आणि प्रत्येक भाच्याच्या कुंपणात एक रोवली. "मामाचा आहेर हाय. पाला वरणात टाकजा, शेंगा आल्या का लेकराले चोखाले देजा," हे ते आता कुंपणाला नाही, सरळ त्या त्या बहिणीला सांगत. पाऊस लागला तेव्हा आळीच्या आळी हिरवी झाली.

पाडव्याला माझा भाऊ आला, खांद्यावर नवं झबलं आणि हातात वाटी. सगळं कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. उंबऱ्यातच बसला, आत येईना. "मायाच मान गेला न," म्हणाला. भासऱ्यांनी त्याला हाताला धरून उठवलं, पाटावर बसवलं, लेक त्याच्या मांडीवर दिली आणि वाटी हातात दिली. "मी पयला घास पोटाले देला बावा. तू मानाचा दे. तो तुयासाठीच ठेवला हाय." झबलं अंगाला घट्ट बसलं. माझ्या भावानं ते तीनतीनदा ओढून पाहिलं आणि मग एकदम हसला. पुढच्या वर्षी मिरचीला निघण्याआधी तो सावली गावातल्या नव्या बाळंतिणींना सांगून गेला म्हणे, मी नसलो तर आमच्या थोरल्या भावाला बोलवा.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर आम्ही दोघं भावा-बहिणीसारखे गप्पा मारत बसलो असू. छे! घास भरवून झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मीठ पुन्हा खांबामार्फत कमी-जास्त होऊ लागलं. पोरांच्या खाण्याचा विषय असला की मी बहीण, बाकी वेळी भावसून. आणि मलाही तेच बरं वाटे. इतक्या वर्षांची सवय.

आता ते फार म्हातारे झालेत. तलाव सुटला, जाळं सुटलं, माणसांची नावं सुटत चाललीत. सासूबाई गेल्या हे त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. लहान भावाला ते कधीकधी मुकादम समजतात. आणि माझ्याशी आता सरळ बोलतात. मी त्यांची भावसून होते हे ते विसरून गेलेत.

गेल्या सुट्टीत लेक ब्रह्मपुरीहून आली होती, तिथं ती कॉलेजात शिकते. चांगली उंच, भरल्या अंगाची. मालक बाजाराला गेले होते, मी आम्हा तिघांची ताटं केली. ती भासऱ्यांच्या, म्हणजे तिच्या मोठ्या बाबांच्या, समोरच बसली. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, पाव्हण्या बाईकडे पाहावं तसं, आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बाई, लेकरानं खाल्लं काय?"

"हे काय दादा, समोर तर बसली आहे."

"हे नाई वं. लहान. मायी भाची." त्यांनी आपलं ताट दूर सरकवलं. "दूध पुरत नाई तिले."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ही गोष्ट तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती आणि दर वेळी मिशीवरच्या खिरीला हसली होती. ती उठली, आत गेली, थोडा वेळ भांड्यांचा आवाज केला आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली.

"खाल्लं मामा तिनं," ती म्हणाली.

"पोटभर?"

"पोटभर. झोपली आता."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठं त्यांनी आपलं ताट जवळ ओढलं.